टेकवलेली खुर्ची

पिकेटांच्या स्वयंपाकघरात चार खुर्च्या होत्या. त्यांतली एक चाळीसेक वर्षं टेबलाला कपाळ टेकवून, मागचे दोन पाय हवेत ठेवून ओणवी उभी होती. नवीन माणूस घरात आला की हटकून ती सरळ करायला जाई, आणि व्हर्ला पिकेट, म्हणजे घरची म्हातारी, त्याच्या मनगटावर चापटी मारी. "राहू दे. गार्थ येणारेय."

ही रीत घरातली नव्हे, जुगारखान्यातली. मशीनवर खेळता खेळता मध्येच उठायचं झालं, तर खुर्ची पुढे झुकवून मशीनला टेकवून जायचं. जागा धरलेली आहे, माणूस परत येतोय, एवढाच त्याचा अर्थ. त्या दालनात माणसं बायकोची अंगठी विकून खेळतील, पोराच्या शाळेचे पैसे मशीनच्या घशात घालतील, पण टेकवलेल्या खुर्चीला कोणी हात लावायचं नाही. तेवढा एक धर्म तिथे पाळला जातो, बाकी सगळा आनंदच आहे.

गार्थ हा व्हर्लाचा थोरला. धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहिलं त्या वर्षी, तलाव काठोकाठ भरलेला असताना, वाऱ्याने त्याची होडी उलटली. सोबतचा मित्र पोहत काठाला लागला. गार्थ सापडला नाही. पाणबुडे दमले, शोध थांबला, आणि त्या दिवशी घरी येऊन व्हर्लाने त्याची खुर्ची टेकवून ठेवली. धाकटी ट्वायला तेव्हा शाळेत होती. आईला रडता येत नाही, म्हणून ती असं करते, असं तिला त्या वेळी वाटलं होतं. पुढे वडील गेले, ट्वायलाचं लग्न झालं आणि मोडलं, ती परत आईजवळ राहायला आली, तरी खुर्ची तशीच. तिच्याखालचं झाडायला ट्वायलाला दरवेळी वाकावं लागे.

आता ट्वायलाही साठीकडे झुकली होती. तलावाच्या धक्क्यावर, होड्यांच्या तळाशेजारी, एका टपरीत ती पॉपकॉर्न विकायची. माणसांसाठी नव्हे, माशांसाठी. धक्क्याखाली कार्प माशांची अशी गर्दी असते की पाणी दिसत नाही. माणसाच्या मांडीएवढे मासे, एकमेकांच्या पाठीवर चढून तोंडं वर करून आ वासलेले. वरून लोक मूठमूठ पॉपकॉर्न टाकतात आणि खिदळतात. ट्वायलाला पहिल्या वर्षी गंमत वाटली होती. नंतर त्या गोल, ओल्या, रिकाम्या तोंडांची तिला इतकी किळस आली की ती पाठ करून बसू लागली. घरी ती मासा खात नसे.

तलाव तर दरसाल आटत चालला होता. कड्यांवर पाण्याची जुनी पातळी पांढऱ्या पट्ट्याने दिसायची, न घासलेल्या न्हाणीघरासारखी. धक्का दोनदा सुटा करून आणखी खाली, आणखी आत ओढत नेला होता. जिथे गार्थने तिला पोहायला शिकवलं, तिथे आता भेगाळलेला चिखल, बियरचे डबे आणि कोणाकोणाच्या बुडालेल्या होड्या होत्या. आणि त्या उन्हाळ्यात चिखलातून माणसं वर यायला लागली. आधी एक सांगाडा, मग आणखी एकाची हाडं. टीव्हीवाले आले, टोप्या विकणारे आले. ट्वायलाच्या टपरीवर लोक पॉपकॉर्न घेताना विचारू लागले, "काय हो, मढी कुठल्या बाजूला निघतात?"

त्या लोकांचं एक वेळ सोडून देऊ, ते परगावचे. पण गावाच्या वेशीबाहेर, टेकाडावर, ब्लॅक रिज नावाचं हॉटेल आहे. गावात जुगाराला बंदी आहे. धरण बांधणाऱ्या मजुरांनी पगार उडवू नये म्हणून सरकारने घातलेली बंदी गावाने अजून मिरवत ठेवली आहे, आणि त्या मजुरांची नातवंडं नाकाने कांदे सोलत वेस ओलांडून ब्लॅक रिजमध्ये जाऊन बसतात. व्हर्ला त्यांतलीच. तिला डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं, गाडीचा परवाना गेला, तेव्हापासून ट्वायला तिला सकाळी कामावर जाताना तिथे सोडायची आणि संध्याकाळी उचलायची. पाळणाघरात पोर सोडावं तसं. खेळाचा हिशेब ठेवणारं, मशीनमध्ये घालायचं कार्ड एका वळ्यावळ्यांच्या लवचीक दोरीने व्हर्लाच्या ब्लाउजला अडकवलेलं असे. दाव्याला बांधलेली गाय तरी मधूनमधून हंबरते, ही दिवसभर बटण दाबत राही.

या हॉटेलचा मॅनेजर क्लेटन. दात पांढरे, बूट टोकदार, जिभेला मध. दुसरा सांगाडा निघाला त्याच आठवड्यात त्याने दालनाच्या मधोमध फिरत्या चौथऱ्यावर एक लालभडक, टप उघडणारी गाडी चढवली आणि वर फलक लावला: "तलाव पुढचा पाहुणा कधी देणार? तारीख ओळखा, गाडी न्या!" शेजारी काचेचा पिंप. रोज जेवढं खेळाल तेवढ्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर नाव आणि तारीख लिहून पिंपात टाकायची. अचूक तारखेच्या चिठ्ठ्यांतून एक काढणार. त्या तारखेला गाडी गेली नाही, तर पुढची तारीख.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते ट्वायलाने ऐकलं होतं, पण त्यासाठी कोणी पिंप मांडून रांग लावलेली पाहिली नव्हती. ती फलकासमोर उभी राहिली. रांगेत आई होती. आईच्या मागे मॅव्हिस होती. मॅव्हिस म्हणजे आईच्या शेजारच्या मशीनवर चाळीस वर्षं बसणारी मैत्रीण. गार्थ बुडाला तेव्हा हिनेच आठवडाभर घरी जेवण आणून दिलं होतं.

"आई, चल इथून," ट्वायला म्हणाली.

"थांब गं. चिठ्ठी टाकून येते."

"कशावर पैज लावते आहेस कळतंय का तुला? त्या तलावात गार्थ आहे."

"मग? बाकीचेही कोणाचे ना कोणाचे असतीलच," व्हर्ला म्हणाली. "मी नाही टाकली म्हणून ते यायचे थांबणारेत का?"

मॅव्हिसने ट्वायलाच्या दंडावर हात ठेवला. "बाळा, मनाला लावून घेऊ नकोस. फुकट आहे."

व्हर्लाने नेहमीचीच तारीख लिहिली, जुलैची एकोणीस. गार्थचा वाढदिवस. तीच तारीख ती आकड्यांच्या सोडतीत लावायची, तीच शर्यतीत लावायची, आणि इतक्या वर्षांत ती एकदाही लागली नव्हती. "गार्थचं नशीब मुळातच फुटकं," असं ती त्या वेळी म्हणायची आणि पुन्हा तीच तारीख लावायची. चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरांत नियम होते. हॉटेलच्या नोकरांच्या नातेवाइकांना बक्षीस नाही. सापडलेल्या मृताच्या नातेवाइकांनाही नाही. हा दुसरा नियम वकिलाने घालायला लावला होता, असं क्लेटन हसत हसत सांगायचा. "नाहीतर घरचंच मढं आणून टाकायचे लोक." आणि ऐकणारे हसायचे.

जुलैच्या एकोणीस तारखेला दुपारी, उंच खडकाच्या खाडीत वल्हवत गेलेल्या एका जोडप्याला चिखलात हाडं दिसली.

संध्याकाळपर्यंत ती बातमी धक्क्यावर आली. पार्कचा एक रखवालदार थंड पाणी प्यायला टपरीवर थांबला होता, तो सांगत होता. पुरुष आहे, तरुण आहे, बरीच वर्षं झालेली दिसतात. मग त्याने स्वतःच्या मांडीवर बोट आडवं धरलं. "इथे हाडाला पोलादी पट्टी आहे, स्क्रूसकट. डाव्या पायाला. ओळख पटायला बरं पडेल. प्रेतांची तपासणी करणाऱ्या कॉरोनरच्या ऑफिसनं घरच्यांना पुढे या म्हटलंय. गालाच्या आतून बोळा फिरवून लाळ घेतली की झालं, नातं जुळतं का ते कळतं."

ट्वायलाच्या हातातली पॉपकॉर्नची पिशवी खाली पडली. गार्थ एकोणीस वर्षांचा असताना मोटरसायकलवरून पडला होता. डाव्या मांडीत पट्टी घातली होती. थंडीत ती ठणकायची आणि तो लंगडत स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणायचा, "तुझा पोलादी पोरगा आला, कॉफी टाक." खाली माशांनी सांडलेले दाणे गिळले आणि पुन्हा तोंडं उघडली. ट्वायलाने टपरीचं फळकूट पाडलं आणि ती निघाली.

आई हॉटेलात नव्हती. मॅव्हिसच्या मुलाने तिला मघाशीच घरी सोडलं, असं कळलं. ट्वायला घरी आली. व्हर्ला स्वयंपाकघरात बसून टोस्ट खात होती. टीव्हीवर चिखलाचं चित्र चालू होतं. आणि गार्थची खुर्ची चारी पायांवर सरळ उभी होती. तिच्यावर व्हर्लाची पर्स ठेवलेली होती.

ट्वायला दारातच थांबली. खुर्ची सरळ अशी तिने मोठेपणी पाहिलीच नव्हती. सरळ केल्यावर ती बाकीच्या तीन खुर्च्यांसारखीच होती.

"तुला कळलं तर," ती म्हणाली.

"मला नाही तर कोणाला कळणार?" व्हर्ला म्हणाली. "पट्टी बसवायची वेळ आली तेव्हा त्या डॉक्टरपुढे मी उभी होते. तोच आहे." मग तिने टोस्टचा तुकडा खाली ठेवला, आणि तिचा चेहरा असा उजळला की ट्वायलाला क्षणभर वाटलं, आता ही रडणार, आणि आपण दोघी एकदाच्या रडून घेऊ. "वाढदिवसाला आला, बघ. दुसरा कुठला दिवस नाही, बरोबर वाढदिवसाला. माझी तारीख लागली, ट्वायला. मॅव्हिस म्हणाली, एकोणीसवाली मी एकटीच आहे. आईला भेट घेऊन आला पोरगा."

ट्वायलाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिला घाणेरड्या पाण्यात पाय पडल्यासारखं झालं.

"उद्या सकाळी कॉरोनरकडे जायचं," ती म्हणाली. "तू आणि मी."

"जाऊ ना. शनिवारनंतर जाऊ."

"शनिवारी काय आहे?"

"शनिवारी दुपारी गाडी देणारेत." व्हर्लाने टोस्ट पुन्हा उचलला. "नियम आहे गं त्यांचा. नातेवाइकांना देत नाहीत."

"म्हणजे तू नातेवाईक नाहीस असं सांगणार?"

"विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर प्रश्नच मिटला."

"आई, तुला गाडी चालवता येत नाही. तुला समोरचं माणूस दिसत नाही."

"तू चालवशील. मी शेजारी बसेन, टप उघडून." ती थांबली. मग हट्टी पोरासारखी, टेबलाकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं तिथे बसले. माइकवरून रोज कोणाचं ना कोणाचं नाव पुकारतात. मॅव्हिसचं तीनदा पुकारलं. माझं एकदाही नाही. एकदा पुकारू दे. चाळीस वर्षं थांबला तो, आणखी चार दिवस थांबेल. मेलेल्याला काय घाई आहे?"

"तो माझा भाऊ आहे. खोक्यात पडलाय, आणि त्याच्यावर नुसता एक आकडा लिहिलाय."

"असेल. माझा मुलगा आहे," व्हर्ला म्हणाली. "तो असता तर म्हणाला असता, घे आई."

त्यातलं सगळ्यात वाईट हे होतं की ते खरं असू शकलं असतं. गार्थ तसाच होता, हसून सोडून देणारा. पण ट्वायला तशी नव्हती. चार दिवस ती आईशी बोलली नाही. चार दिवस घरात सुंभ जळत होता आणि पीळ तसाच होता, दोघींचाही. ती एकटी कॉरोनरकडे जाऊ शकत होती, बहिणीची लाळही चालते, हे तिने फोन करून विचारूनही घेतलं होतं. तरी ती गेली नाही. तिला बोळा फिरवायचा नव्हता, तिला आईच्या तोंडून हवं होतं. हा माझा आहे, एवढं वाक्य आईने कोणासमोर तरी म्हणावं, आणि मग गार्थला घरी आणावं. बापाच्या कबरीशेजारी त्याच्या नावाचा दगड रिकाम्या जागेवर उभा होता, तिथे त्याला ठेवावं. आणि आई भरल्या दालनात त्याला नाकारणार असेल, तर ते आपण ऐकायला हजर असावं, असंही तिला वाटत होतं. त्यानंतर आईसाठी आपल्या मनात काही उरेल का, हे तिला ठाऊक नव्हतं.

शनिवारी दुपारी ब्लॅक रिजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गुळाला मुंगळे लागावेत तसे लोक गाडीभोवती. गालिच्याला सिगारेटचा आणि शिळ्या चरबीचा वास. तळलेल्या कोंबडीच्या टांगा हातात धरून माणसं उभी होती. क्लेटनने गळ्यात निळा रुमाल बांधला होता. चौथरा सावकाश फिरत होता आणि गाडीवर कोणीतरी प्लास्टिकचा एक सांगाडा नेऊन बसवला होता, डोक्यावर कॅप्टनची टोपी, हातात बियरची बाटली. फोटो काढायला रांग लागली होती. ट्वायला त्या रांगेकडे पाठ करून उभी राहिली.

व्हर्लाने निळा पोशाख घातला होता, लग्नाकार्याचा. नाव पुकारायच्या आधी तिने आपल्या मशीनची खुर्ची टेकवली, कार्ड दोरीसकट पर्समध्ये टाकलं आणि मॅव्हिसचा हात धरून पुढे गेली.

"आणि आपली भाग्यवान," माइकवरून आवाज घुमला, "आपल्या लाडक्या मिस व्हर्ला पिकेट!"

टाळ्या पडल्या. व्हर्लाने पोशाखाची चुणी सारखी केली. चाळीस वर्षांत ट्वायलाने तिला इतकं सुंदर पाहिलं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. क्लेटनने म्हातारीला हात देऊन चौथऱ्यावर घेतलं, प्लास्टिकच्या सांगाड्याला बाजूला सरकवलं, "सरक रे, बाईंना जागा दे," असं म्हणून एक हशा वसूल केला आणि मग तोंड गंभीर करून म्हणाला, "आता मिस व्हर्ला, आमच्या वकिलाला झोप यावी म्हणून एक प्रश्न. हे जे गृहस्थ आले, ते आपल्या ओळखीतले, नात्यातले नाहीत ना?"

लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "जुना यार असेल!"

व्हर्लाने माइककडे तोंड नेलं. "नाही," ती म्हणाली. "मी नाही ओळखत त्याला."

झालं. इतकं सोपं होतं ते. ट्वायलाला वाटलं होतं, जमीन हलेल किंवा निदान आईचा आवाज तरी हलेल. काहीच हललं नाही. क्लेटनने खिशातून किल्ली काढली. ट्वायला लोकांना कोपरांनी सारत पुढे निघाली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. ओरडायचं नव्हतं, एवढं नक्की. ती चौथऱ्याच्या कडेला पोचली तेव्हा चौथरा फिरत फिरत आईला नेमका तिच्यासमोर घेऊन आला.

"आई," ती साध्या आवाजात म्हणाली, "मग घरी जाऊन त्याची खुर्ची परत टेकवून ठेवू का?"

माइक दोघींच्या मध्येच होता. प्रश्न सगळ्या दालनाने ऐकला. खुर्ची टेकवणं म्हणजे काय, हे तिथे पोराबाळांनाही ठाऊक होतं. कोणाची खुर्ची, ते मात्र फक्त दोघींना ठाऊक होतं, आणि मॅव्हिसला. मॅव्हिसने तोंडावर हात ठेवला.

व्हर्ला लेकीकडे बघत राहिली. तिला ट्वायलाचा चेहरा नीट दिसत नसणारच. चौथरा फिरत होता, म्हणून तिला मान वळवत न्यावी लागली. किल्ली तिच्या मुठीत होती. ती मूठ तिने छातीशी धरली, मग खाली आणली.

"नको," ती म्हणाली. "नको टेकवू." आणि मग माइकमध्ये नव्हे, असंच, समोर बघून, "आलाय तो. माझा मुलगा आहे. गार्थ."

दूरच्या कोपऱ्यात एक मशीन आपली धून वाजवत होतं. ट्वायलाचे डोळे भरून आले. आता कोणीतरी टोपी काढील, कोणीतरी म्हातारीला खुर्ची देईल, निदान ते प्लास्टिकचं सोंग तरी खाली उतरवील, असं तिला मनापासून वाटलं. माणसं आहेत शेवटी, असं तिला वाटलं.

"मग वीसवाला कोण?" पुढच्या रांगेतून एकाने विचारलं.

आणि दालन हललं. खिशांतून, पर्समधून, टोपीच्या अस्तरातून चिठ्ठ्यांच्या पावत्या निघाल्या. "वीस माझी आहे." "एकवीस चालते का, वीसवाला नसला तर?" "नियम वाचा, नियम." तळलेली टांग दातांत धरून एक माणूस दोन्ही हातांनी खिसे चाचपत होता. सगळ्यांची तोंडं वर, क्लेटनकडे, गोल आणि उघडी. ही तोंडं ट्वायला रोज बघत होती.

क्लेटन मिनिटभरसुद्धा गडबडला नाही. त्याने व्हर्लाच्या मुठीतून किल्ली हलकेच सोडवून घेतली, तिला आमच्या सर्वांच्या वतीने दुःख वगैरे कळवलं, दोघींना दोन फुकट जेवणांचं कूपन दिलं, आणि पिंपाकडे वळला. मॅव्हिस व्हर्लाजवळ आली. तिच्या डोळ्यांत खरं पाणी होतं, खोटं नव्हतं, हे सांगायलाच हवं.

"व्हर्ला, मला फार वाईट वाटतंय गं," ती म्हणाली. "गार्थ किती गुणी होता." तिने व्हर्लाचे दोन्ही हात हातात घेतले आणि दाबले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझी वीस होती. जाऊ का मी? तुला चालेल ना?"

"जा," व्हर्ला म्हणाली.

मॅव्हिसचं नाव चौथ्यांदा पुकारलं गेलं. तोवर ट्वायला आईला घेऊन दाराकडे निघाली होती. वाटेत व्हर्लाचं मशीन लागलं. खुर्ची टेकवलेली होती, तशीच, आणि एक बाई शेजारी ताटकळत उभी होती. एवढ्या झोंबाझोंबीत तिने खुर्चीला बोट लावलं नव्हतं.

"येताय का तुम्ही परत?" तिने अदबीने विचारलं.

व्हर्लाने खुर्ची सरळ केली. ही आता जागा सोडतेय, असं ट्वायलाला वाटलं. आणि म्हातारी त्या खुर्चीत बसली, पर्समधून कार्ड काढलं, दोरी ब्लाउजला अडकवली.

"तू जा तुझ्या त्या ऑफिसात," ती म्हणाली. "बहिणीची लाळ चालते ना? मी ऐकलंय तुला फोनवर बोलताना. संध्याकाळी ने मला."

"आई, आज?"

"मी कुठे जाऊ मग?" व्हर्ला मशीनकडे बघत म्हणाली. "घरी जाऊन कोणाची वाट बघू?"

ट्वायलाने तिला तिथेच सोडलं. वाटभर तिला आईची, मॅव्हिसची, गावाची, स्वतःच्या अंगाला आलेल्या त्या चरबीच्या वासाची शिसारी येत राहिली. ऑफिसातल्या मुलीने तिच्या गालात बोळा फिरवला तेव्हा ती म्हणाली, "मी दात घासून यायला हवं होतं." मुलगी म्हणाली, काही बिघडत नाही.

गार्थला त्यांनी ऑक्टोबरात पुरलं. ऊन उतरलं होतं. खोकं लहान होतं, दोन माणसांना सहज उचलण्यासारखं. हॉटेलकडून घोड्याच्या नालाच्या आकाराचं मोठं पुष्पचक्र आलं होतं, मधोमध हॉटेलचं नाव. ट्वायलाने ते उलटं करून कुंपणाला लावून ठेवलं. मॅव्हिस लाल गाडीतून आली, पण टप लावून आली, आणि गाडी फाटकाबाहेर लांब उभी केली.

कबरीपुढे घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या खुर्चीत व्हर्ला बसली. समोर तीन दगड. नवऱ्याचा, गार्थचा, आणि तिचा स्वतःचा, तिचं नाव आणि जन्मसाल कोरलेला, पुढचं साल मोकळं ठेवलेला. प्रार्थना झाली. व्हर्ला रडली नाही. खोकं खाली गेलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "पोलादी पोरगा माझा." ते ऐकून ट्वायलाला हुंदका आवरला नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

लोक पांगायला लागले. व्हर्ला उठली. आपली घडीची खुर्ची तिने दोन्ही हातांनी उचलली, चाचपडत, पाय जपून टाकत तिसऱ्या दगडाजवळ नेली, पुढे झुकवली आणि दगडाला टेकवून ठेवली. नीट टेकली का ते हाताने बघितलं. मग ती मॅव्हिसचा हात धरून फाटकाकडे चालू लागली. जाता जाता ते कूपन आजच संपतंय का, असं ती मॅव्हिसला विचारत होती.

खुर्च्या गोळा करणारा माणूस एकेक घडी घालत आला. या खुर्चीपाशी येऊन त्याने ती उचलायला हात घातला.

"तिला हात लावू नका," ट्वायला म्हणाली. "जागा धरलेली आहे."